माणसे आठ, पट्टे सहा



२०२५ च्या उन्हाळ्यात आमच्या धाकट्या भावाला मुलगी झाली आणि घरची माणसे आठ झाली. माय, आम्ही नवरा-बायको, आमची मुलगी आणि मुलगा, भाऊ, भावजय आणि हे नवे बाळ. वाहन म्हणाल तर एक मोटारसायकल आणि एक जुनी स्कूटी. जूनमध्ये एका पावसाळी संध्याकाळी मायला दवाखान्यातून घरी आणत होतो. पुढे भाऊ, मध्ये माय, मागे आम्ही. दुचाकीवर तिघे बसू नयेत हे आम्हाला ठाऊक नव्हते असे नाही. वळणावर चिखलात गाडी घसरली. आम्हा दोघा भावांना खरचटले, मायच्या मनगटाला प्लास्टर चढले. त्या रात्री घरात एकमताने ठराव झाला : आता चारचाकी घ्यायची.

ठराव सोपा असतो, अंमलबजावणी कठीण. ओळखीच्या एका गृहस्थाने आठ आसनी जुनी ओमनी दाखवली. नव्वद हजार रोख, कर्जाची भानगड नाही. माय तर हरखूनच गेली. म्हणाली, "सारे एका गाडीत बसून दीक्षाभूमीले गेलो का माह्या जीवाले बरं वाटन." आम्हीही पैसे काढायला निघालो होतो. पण भावाने मागची बाक उचलली आणि खाली स्वयंपाकाच्या गॅसचे लाल सिलिंडर दिसले. त्याला रबरी नळी जोडलेली होती. "स्वस्तात चालते," असे मालकाने हसत सांगितले. घरगुती सिलिंडरवर गाडी चालवणे हा गुन्हा तर आहेच. पण गळती होऊन ठिणगी पडली तर आत बसलेल्यांना उतरायलाही वेळ मिळत नाही. आम्ही हात जोडले आणि परत आलो.

ओमनीचे उपकार आपल्या लोकांवर आहेत, हे नाकारता येणार नाही. १९८४ साली मारुती व्हॅन म्हणून ती रस्त्यावर आली, पुढे तिचे नाव ओमनी झाले. वरातीला, बाळंतिणीला, पेशंटला, शाळेच्या पोरांना तिनेच वाहिले. पण तिचे नाक चपटे. चालवणाऱ्याच्या पायांपुढे पत्र्याशिवाय फारसे काही नाही. आठ आसनी गाडीत मागची माणसे समोरासमोरच्या बाकांवर. सुरक्षेचे नवे नियम आले तेव्हा ती त्यांत बसणारी नव्हती आणि २०१९ साली तिचे उत्पादन थांबले. म्हणजे आज मिळणारी प्रत्येक ओमनी जुनीच. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर तपासणी करून नूतनीकरण करावे लागते. नव्वद हजारांच्या गाडीत हा खर्च कोणी धरत नाही.

आम्ही पडलो कारकून. वाणिज्य शाखेची पदवी घेऊन आयुष्यभर रजिस्टरे भरली. तीच विद्या घरी वापरली. एक वही केली आणि जुलै ते सप्टेंबर घरातले कोण, कुठे, कितीजण गेले ते रोज लिहिले. कोणी हिंगणघाटला लग्नाला, कोणी आर्वीला दुखवट्याला, माय दवाखान्यात, बाळ लसीकरणाला. तीन महिन्यांत ४१ फेऱ्या भरल्या. त्यांपैकी आठही माणसे एकत्र गेली अशा फक्त दोन. पाच-सहाजण गेले अशा तीन. उरलेल्या ३६ फेऱ्यांत चारजण किंवा त्याहून कमी.

म्हणजे तीन महिन्यांतल्या दोन फेऱ्यांसाठी आम्ही आठ आसने शोधत होतो! रोजची निकड होती ती चार माणसे पावसात न भिजता, जीव न गमावता घरी येण्याची.

मग नव्या गाडीचा विचार सुरू झाला. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्के झाला. पेट्रोल गाडीसाठी अट अशी की इंजिन १२०० सीसीपर्यंत आणि लांबी चार मीटरपर्यंत असावी. अर्टिगासारखी मोठी गाडी या अटीत बसत नाही, तिच्यावर ४० टक्के. ईकोचे इंजिन ११९७ सीसीचे, लांबीही चार मीटरच्या आत. त्यावर महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या खाजगी पेट्रोल गाडीला ११ टक्के एकरकमी मोटार वाहन कर. नव्या गाडीला तीन वर्षांचा तृतीय पक्ष विमा सक्तीचा. म्हणून शोरूममध्ये गेल्यावर "किती पडेल?" एवढेच विचारू नका. गाडीचा दर, कर, विमा, नोंदणी असे वेगवेगळे आकडे कागदावर मागा.

ईकोचीही दुसरी बाजू सांगतो. २०१६ साली ग्लोबल एनकॅप या संस्थेने एअरबॅग नसलेली ईको आदळून पाहिली, तेव्हा मोठ्या माणसांच्या सुरक्षेसाठी तिला एकही तारा मिळाला नव्हता. २०२५ मध्ये तिच्यात सहा एअरबॅग आल्या आणि सात आसनांची सहा झाली. एअरबॅग आल्या म्हणून सुसाट सुटावे असे नाही. पण जुन्या गाडीपेक्षा ही बरी, असा आम्ही हिशेब केला.

आता कर्ज. गाडी रस्त्यावर येईपर्यंत साडेसहा लाखांच्या घरात गेली. अडीच लाख दोघा भावांच्या बचतीतून, चार लाख कर्ज. व्याज साडेनऊ टक्के. सात वर्षांची मुदत घेतली तर हप्ता सुमारे ६,५४० रुपये, पाच वर्षांची घेतली तर सुमारे ८,४०० रुपये. पहिला हप्ता गोड वाटतो. पण सात वर्षांत व्याज जाते जवळजवळ १ लाख ४९ हजार, पाच वर्षांत १ लाख ४ हजार. पंचेचाळीस हजारांचा फरक! आमच्या मुलीच्या कॉलेजचा खर्च समोर होता. सौ.नी स्पष्ट सांगितले, "पोरीच्या फीच्या डब्याला हात लावून गाडी येत असेल तर ती दारात नको." म्हणून आधी फीचे पैसे वेगळे काढले, हप्ता दोन घरांत वाटला आणि पाच वर्षेच घेतली.

कोणी सुचवले, सकाळी शाळेची पोरे न्या, बाजाराच्या दिवशी सवाऱ्या भरा, हप्ता आपोआप निघेल. बंधूंनो, हा मोह टाळा. पांढऱ्या पाटीची गाडी घरच्या वापरासाठी असते. भाडे घ्यायचे तर परवाना आणि पिवळी पाटी लागते. भाड्याच्या फेरीत अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते आणि भरपाई आपल्या घरादारावर येऊ शकते.

सगळे जमले, एक गोष्ट राहिली. माणसे आठ, पट्टे सहा. माय म्हणाली, "लेकरं मांडीवर घेऊ, त्यात काय होते?" भावालाही तेच पटत होते. घरी गाडी असून दोघे एसटीने गेले तर लोक काय म्हणतील?

तेव्हा आम्ही मायला चाळीसगावची हकीकत सांगितली. १९२९ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर चाळीसगावला उतरले. वस्तीतले लोक त्यांना न्यायला स्टेशनवर आले होते. पण अस्पृश्याला घेऊन टांगा हाकायला एकही टांगेवाला तयार होईना. आपल्या पाहुण्याने पायी चालावे हे लोकांना सहन होईना. शेवटी टांगा भाड्याने घेतला आणि ज्याला टांगा हाकता येत नव्हता असा आपल्यातलाच माणूस हाकायला बसवला. पुलावर चाक अडकले, बाबासाहेब दगडांवर फेकले गेले, त्यांचा पाय मोडला. त्या लोकांचे प्रेम खरे होते आणि अपमान करणारी व्यवस्थाच खरी दोषी होती. पण बाबासाहेबांनी पुढे स्वतः लिहून ठेवले आहे की त्यांचा मान राखण्याच्या नादात लोकांनी त्यांचा जीव धोक्यात घातला.

आज आम्हाला टांगा नाकारणारा कोणी नाही. मान आमच्याच दारात उभा आहे. मग त्या मानापायी लेकराचा जीव धोक्यात का घालावा? ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सायरस मिस्त्री यांची भारी किमतीची मोटार पुलाच्या कठड्यावर आदळली. मागच्या आसनांवरचे दोघे दगावले, त्यांनी पट्टे लावले नव्हते. तिथे आपल्या मांडीचा काय भरवसा? धक्का बसला की आईच्या हातातले बाळसुद्धा सुटते. मागे बसणाऱ्यालाही पट्टा सक्तीचा आहे, नसला तर हजार रुपये दंड. दंडाचे सोडा, बाळ परत मिळत नाही. म्हणून बाळासाठी पट्ट्याने बांधायची वेगळी खुर्ची घेतली आणि बाळाचेही एक आसन धरले.

२०२५ च्या डिसेंबरात आम्ही दीक्षाभूमीवर गेलो. दोघे एसटीने जाणार हे ठरले होते. सौ. म्हणाल्या, "मार्च २०२३ पासून आम्हा बायकांना अर्धे तिकीट आहे, आम्हीच जातो, पैसे वाचतील." आम्ही म्हटले, तिकीट अर्धे म्हणून नेहमी बाईनेच उतरायचे काय? पाळी लावू. पहिली पाळी आमची आणि मुलाची. भाऊ गाडी चालवत होता. गाडीत माय, सौ., मुलगी, भावजय आणि खुर्चीत बांधलेले बाळ. बरोबर सहा. आम्ही बापलेक वर्धा बसस्थानकावरून एसटीत चढलो.

नागपूरला पोहोचलो तेव्हा माय गेटाजवळ वाट पाहत उभी होती. आम्ही येईपर्यंत तिने आत पाऊल टाकले नव्हते. म्हणाली, "गाडी दोन असल्या तरी काय झालं, आत तं सारे संगंच जाऊ." आणि आठही माणसे एकत्र आत गेलो.

परत आल्यावर वहीत ती फेरी लिहिली. पुढची पाळी भावाची आहे. गाडी चालवायची कोणी, हा प्रश्न आला तेव्हा भावजयीने शिकाऊ परवान्याचा अर्ज पुढे केला.