भिंतीमागची खोली

परवा एका मित्राकडे जुना फिशटँक जाऊन सहा फुटी नवा आला. पाहुणे काचेपुढे दाटले होते, मी मात्र भिंतीमागच्या चिंचोळ्या खोलीतच रमलो. पंप, हीटर, फिल्टर, इन्व्हर्टर सगळं तिथे, त्यामुळे दिवाणखान्यात ना बादल्या, ना घरघर. माझं मत ठाम आहे: पैसे आधी या खोलीवर घालावेत, काचेवर नंतर. आणि त्याही आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला गाठावं. सहा बाय दोन बाय दोन फुटांत जवळजवळ ६८० लिटर, म्हणजे नुसतं पाणीच ६८० किलो. घराचा स्लॅब साधारणपणे चौरस मीटरला २०० किलो भार धरून आखतात! पण जीव खरा कळवळतो तो नव्याच्या उत्साहात जुन्या फिल्टरचा स्पंज नळाखाली घासून लख्ख करणारे पाहिले की. मासे कल्ल्यांवाटे अमोनिया टाकतात. त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू त्या मळकट स्पंजातच नांदतात. नळाच्या पाण्यातला क्लोरीन त्यांना मारतो, आणि नवी वसाहत जमायला कित्येक आठवडे लागतात. तोवर मासे विषात पोहतात. तेव्हा टँक बदलणार असाल, तर तो स्पंज विरजणासारखा जपा आणि ओला असतानाच नव्या फिल्टरमध्ये बसवा.