आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी!

कोणत्याही मोठ्या ऑफिसच्या संगणक विभागात डोकावून पाहा. तिथे दोन गट हमखास सापडतील. एक नेटवर्कवाल्यांचा, दुसरा सिक्युरिटीवाल्यांचा. पहिल्यांचा धर्म एकच, लाइन चालू राहिली पाहिजे आणि स्पीड मिळाला पाहिजे. दुसऱ्यांचा धर्म बरोब्बर उलटा, शंका आली की आधी अडवा. त्यामुळे काम बंद पडले की नेटवर्कवाले म्हणतात, "फायरवॉलने अडवलं असेल", आणि चोरी झाली की सिक्युरिटीवाले म्हणतात, "तो रस्ता उघडा कुणी ठेवला?" दोघेही हुशार, दोघेही कष्टाळू. पण दोघांच्या खोल्या वेगळ्या, साहेब वेगळे आणि नोंदवह्याही वेगळ्या. हे दोन गट एका छताखाली आल्याशिवाय आता गत्यंतर नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. क्लाउडचे नवे तंत्रज्ञान त्यासाठी मदत करते, पण नुसते ते विकत घेऊन भागणार नाही, हेही मला तितकेच ठामपणे सांगायचे आहे.

आपल्याच राज्यातली एक घटना पाहा. पुण्याची कॉसमॉस बँक ही 1906 साली स्थापन झालेली जुनी सहकारी बँक. 11 ऑगस्ट 2018 रोजी या बँकेच्या बनावट कार्डांवर 28 देशांतल्या एटीएममधून पैसे निघू लागले. परदेशात सुमारे 12,000 व्यवहार होऊन जवळपास 78 कोटी रुपये गेले. भारतात रुपे कार्डांच्या 2,849 व्यवहारांतून अडीच कोटी गेले. मग 13 ऑगस्टला स्विफ्ट यंत्रणेतून आणखी 13 कोटी 92 लाख रुपये हाँगकाँगच्या एका खात्यात वळवले गेले. एकूण 94 कोटी 42 लाख! एप्रिल 2023 मध्ये पुण्याच्या न्यायालयाने या प्रकरणात 11 जणांना दोषी ठरवले.

आता यातली तांत्रिक गंमत बघा (गंमत म्हणायचे, एरवी अंगावर काटाच येतो). एटीएममध्ये कार्ड घातले की विचारणा आधी स्विच नावाच्या संगणकाकडे जाते. स्विच ती बँकेच्या मुख्य यंत्रणेला, म्हणजे कोअर बँकिंगला विचारतो, "या खात्यात पैसे आहेत का?" हो आले तर नोटा बाहेर. चोरांनी काय केले, तर मध्येच एक नकली स्विच बसवला. तो कोअर बँकिंगला काही विचारायचाच नाही, स्वतःच "हो, हो" म्हणत सुटायचा.

अशा चोरीच्या खुणा दोन ठिकाणी उमटतात. विचारणा नेहमीच्या रस्त्याने जात नाही, ही खूण नेटवर्कच्या माणसाला कळणारी. एखाद्या यंत्रात नको तो प्रोग्राम शिरला आहे, ही खूण सिक्युरिटीच्या माणसाला कळणारी. एकेकटी पाहिली तर दोन्ही किरकोळ वाटतात. रस्ता बदलला म्हणजे लाइनमध्ये काही बिघाड असेल, प्रोग्राम दिसला म्हणजे साधा व्हायरस असेल. दोन्ही एकाच पडद्यावर, एकाच वेळी दिसल्या तर मात्र शिकाऊ पोरगासुद्धा ओरडेल. म्हणून ही घटना मला केवळ चोरीची वाटत नाही. आपल्या क्षेत्रातल्या प्रत्येक ऑफिसने त्यातून हा धडा घ्यावा असे वाटते.

पूर्वी हे दोन गट वेगळे असले तरी चालून जायचे. कारण ऑफिस म्हणजे एक किल्ला होता. सगळे संगणक आत, बाहेर जायला एकच दरवाजा आणि त्या दरवाजावर फायरवॉलचा पहारा. शाखा कुठेही असो, तिची सगळी वाहतूक आधी मुख्य ऑफिसला यायची, तिथे तपासली जायची आणि मगच इंटरनेटवर जायची. आपल्या जिल्ह्याच्या भाषेत सांगायचे तर सालेकश्याच्या माणसाला आमगावला जायचे आहे, पण त्याला सांगायचे, "आमगावला उतरू नको, आधी गोंदियाला ये, शिक्का मार आणि परत मागे आमगावला जा." मुख्य ऑफिसातच सगळे काम होते तोवर हे खपले. पण आता मेल क्लाउडवर, हिशेब क्लाउडवर, फायली क्लाउडवर. 2020 च्या लॉकडाउनमध्ये तर कंपनीचे लॅपटॉप घेऊन लोक देवरी, अर्जुनी मोरगावपर्यंत गावोगावी बसले. किल्ल्यातली माणसेच बाहेर, मग दरवाजावर पहारा कुणावर करायचा?

यावर उपाय म्हणून पहारेकरीच क्लाउडवर नेण्याची कल्पना पुढे आली. गार्टनर या सल्लागार संस्थेने 2019 साली तिचे बारसे केले आणि नाव ठेवले 'सिक्युअर ॲक्सेस सर्व्हिस एज', थोडक्यात 'सॅसी'. यात दोन धागे एकत्र विणलेले असतात. पहिला धागा एसडी-वॅन. शाखेकडे ब्रॉडबँड, लीज लाइन, मोबाइल डेटा अशा दोन-तीन वाटा असतील तर कोणती वाहतूक कोणत्या वाटेने न्यायची ते सॉफ्टवेअरच ठरवते. दुसरा धागा सुरक्षेचा. फायरवॉल, वेबसाइटची गाळणी, क्लाउडवरच्या फायलींची राखण आणि 'झिरो ट्रस्ट' पद्धतीचा प्रवेश. झिरो ट्रस्ट म्हणजे तू ऑफिसच्या आत आहेस म्हणून तुझ्यावर विश्वास नाही. तू कोण, तुझे यंत्र कोणते, तुला नेमके काय हवे, हे दर वेळी तपासणार. आता सालेकश्याच्या माणसाचा शिक्का त्याच्या जवळच्याच ठाण्यावर बसतो. वाट कोणती आणि परवानगी कुणाला, हे दोन्ही एकाच पडद्यावरून ठरते. नोंदही एकाच वहीत होते.

इथपर्यंत विक्रेतेही हेच सांगतात. माझा मुद्दा पुढचा आहे. पडदा एक झाला म्हणून माणसे एक होत नाहीत! एकाच पडद्यासाठी दोन साहेब, दोन पासवर्ड आणि दोन मंजुऱ्या ठेवल्या तर जुनेच भांडण नव्या जागी मांडले जाईल. खरा प्रश्न अधिकाराचा आहे. रात्री दोन वाजता धोका दिसला तर तार कापायची की नाही, हे कोण ठरवणार? तार कापली तर धंदा बंद, नाही कापली तर चोरी चालू.

31 जुलै 2024 ची घटना यासाठी लक्षात ठेवण्यासारखी आहे. सी-एज टेक्नॉलॉजीज ही कंपनी देशातल्या अनेक लहान बँकांना तंत्रसेवा पुरवते. तिच्यावर रॅन्समवेअरचा हल्ला झाला. तेव्हा राष्ट्रीय भरणा महामंडळाने, म्हणजे एनपीसीआयने, या कंपनीला आपल्या जाळ्यापासून सरळ तोडून टाकले. सुमारे 300 लहान बँकांच्या ग्राहकांना त्याची झळ बसली. त्यांत बऱ्याच सहकारी आणि ग्रामीण बँका होत्या. पण आग पुढे पसरली नाही आणि दुसऱ्याच दिवशी, 1 ऑगस्टला, जोडणी पुन्हा सुरू झाली. हा निर्णय नेटवर्कचा म्हणायचा की सिक्युरिटीचा? दोन्हींचा! तो घेता आला, कारण धोका ओळखणे आणि तार कापणे या दोन गोष्टींत अंतर नव्हते.

कायद्याचीही तीच दिशा आहे. सर्ट-इनच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून 6 तासांत कळवावी लागते आणि यंत्रणेच्या नोंदी 180 दिवस जपाव्या लागतात. अर्ध्या नोंदी या खोलीत आणि अर्ध्या त्या खोलीत असतील, तर सहा तास चहा पाजून फायली मागण्यातच जातील.

आता कुणी म्हणेल, "सगळी अंडी एकाच टोपलीत कशाला?" आक्षेप अगदी खरा आहे. 19 जुलै 2024 रोजी क्राउडस्ट्राइक कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे जगभरातले सुमारे 85 लाख विंडोज संगणक कोलमडले. आपल्या देशातल्या विमानतळांवरही हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. म्हणून दुसरी लाइन, दुसरी वाट आणि क्लाउड बंद पडल्यावर काय करायचे याची कागदावर छापलेली यादी हवीच. आपल्याकडे पावसाळ्यात लाइन जाणे काही नवलाचे नाही.

दुसरा आक्षेप असा, की ज्याच्या हाती किल्ली त्याच्याच हाती चौकशी कशी द्यायची? हाही बरोबर. रिझर्व्ह बँकेच्या नोव्हेंबर 2023 च्या निर्देशांतही व्यापारी बँकांचा माहिती-सुरक्षा प्रमुख हा आयटी प्रमुखाच्या थेट हाताखाली असू नये असे म्हटले आहे. पण यात आणि माझ्या म्हणण्यात विरोध नाही. रोजचा पहारा एकत्र करा, पहाऱ्याची तपासणी वेगळी ठेवा. एकत्र बसणारे लोक एकमेकांना जाब विचारू शकत नाहीत, असे थोडेच आहे?

आणि हे सगळे होस्टेलच्या मासिकात कशाला, असे कुणाला वाटेल. कारण ही दोन खोल्यांची सवय आपल्याला वर्गातच लागते. 'कॉम्प्युटर नेटवर्क्स' एका सेमिस्टरला, 'नेटवर्क सिक्युरिटी' दुसऱ्या सेमिस्टरला. पहिल्याचा पेपर संपला की पुस्तक ज्युनिअरला विकून मोकळे! माझी प्राध्यापकांना नम्र विनंती आहे, की दोन्ही विषयांचे मिळून निदान एक प्रॅक्टिकल घ्यावे. तीन विद्यार्थी लाइन चालू ठेवणारे, तीन विद्यार्थी पहारा देणारे आणि नोंदवही सगळ्यांची मिळून एकच. प्रयोगशाळेच्या बंद नेटवर्कमध्ये सरांनी मुद्दाम एक बिघाड करायचा. तो नुसता बिघाड आहे की हल्ला, आणि तार कापायची की नाही, हे सहाही जणांनी पंधरा मिनिटांत एकमताने ठरवून कारणासह लिहून द्यायचे. यासाठी महागडे क्लाउडही लागत नाही, दोन जुने संगणक आणि एक स्विच पुरतो.

आपल्यातले काही उद्या नागपूर, पुण्याच्या कंपन्यांत जातील, काही इथल्याच राइस मिलमध्ये नाहीतर सहकारी बँकेत संगणक सांभाळतील. जिथे जाऊ तिथे पहिल्याच दिवशी बाजूच्या खोलीचे दार ठोठवायचे आणि विचारायचे, "तुमच्याकडे आज काय दिसतंय?" एवढी सवय लागली तरी आग लागलेल्या ठिकाणीच बंब पोचेल.