अचानक आलेली दिवाळी

आपल्या परंपरेप्रमाणे माणूस जन्माला येतो तोच तीन ऋणे डोक्यावर घेऊन. देवांचे, ऋषींचे आणि पितरांचे. यज्ञ, अध्ययन आणि संतती या मार्गांनी ती फेडावीत, असे शास्त्र सांगते. चौथे ऋण बँकेचे. त्याच्या फेडीविषयी शास्त्रकारांनी काही लिहून ठेवलेले नाही, आणि आपल्यासारख्या नोकरदार माणसाच्या आयुष्याची उमेदीची वर्षे जातात ती नेमकी या चौथ्या ऋणात.

मी मराठीचा प्राध्यापक. तेव्हा पैशाच्या गोष्टी मी सांगाव्यात हे काही वाचकांना विनोदी वाटेल. परंतु शब्दांच्या नादाने मी या विषयापर्यंत पोचलो, हे खरे आहे. ‘कर्ज’ हा शब्द आपण अरबीतून घेतला. ‘हप्ता’ फारसीतून, मूळ अर्थ आठवडा. ‘व्याज’ मात्र अस्सल संस्कृत, आणि संस्कृतात त्याचा अर्थ निमित्त, मिष, ढोंग असा आहे. निंदेच्या आडून केलेल्या स्तुतीला अलंकारशास्त्रात व्याजस्तुती म्हणतात ती याच अर्थाने. मुद्दलाच्या आडून येणाऱ्या रकमेला आपण हाच शब्द दिला. तो देणाऱ्या पूर्वजाला व्यवहार चांगला कळत असला पाहिजे.

मध्यमवर्गीय माणूस कर्जबाजारी झाला की आपण चटकन म्हणतो, ‘अंथरूण पाहून पाय पसरले नाहीत.’ चैन केली, दिखाऊपणा केला, भोगा आता फळे. काही घरांत असे घडतेही. पण जी घरे मी जवळून पाहिली, त्यांत चैनीने बुडालेली थोडी. बाकीची बुडाली ती अशा खर्चांनी, की जे येणार हे घरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होते.

माझा एक मामेभाऊ डोंबिवलीला राहतो. माझ्याहून आठ वर्षांनी लहान. नवराबायको दोघेही नोकरी करणारे, एक मुलगी, एक मुलगा. दारू नाही, पत्ते नाहीत, परदेशच्या सहली नाहीत. २०२२ च्या नोव्हेंबरात तो एका रविवारी माझ्याकडे आला आणि बराच वेळ हवापाण्याच्या गप्पा मारून शेवटी म्हणाला, “दादा, दोघांचा पगार येतो आणि वीस तारखेला घरात पैसा नसतो. कुठे जातो ते कळत नाही.”

मी त्याला म्हटले, “मला सल्ला विचारू नकोस. येणी-देणी एका कागदावर लिही. आणि बायकोला शेजारी बसवून लिही.”

दुसऱ्या अटीवर तो गप्प झाला. क्रेडिट कार्डावर किती थकले आहे हे त्याने तिला सांगितलेलेच नव्हते.

पुढच्या रविवारी मी डोंबिवलीला गेलो. कागद झाला. दोघांचे मिळून हातात येणारे उत्पन्न ९२,००० रुपये. घराचा हप्ता ३१,०००. दोन लाख शिल्लक असलेल्या वैयक्तिक कर्जाचा हप्ता ७,०००. मोबाइलचा हप्ता २,५००, आणखी आठ महिने. कार्डाची थकबाकी १,२०,०००. तिच्यापोटी तो दरमहा किमान रक्कम म्हणून ६,००० भरत होता. आणि एक देणे असे, की ज्याला ना कागद ना व्याज. माझ्या मावशीकडून, म्हणजे त्याच्या आत्याकडून, मुलाच्या आजारपणात घेतलेले ४०,००० रुपये हातउसने.

भावजय कागदाकडे पाहत राहिली. मग म्हणाली, “आकडा मोठा आहे याचा मला राग नाही. मला न सांगता मोठा झाला याचा आहे.” तो खाली मान घालून बसला. त्या घरातले खरे संकट त्या क्षणी मला कळले. कर्जापायी संसार मोडतात ते रुपयांच्या ओझ्याने कमी आणि लपवाछपवीने अधिक.

आता कार्डाचे गणित पाहा. त्याच्या कार्डाचा व्याजदर होता महिना साडेतीन टक्के. महिना साडेतीन हा आकडा कसा निरुपद्रवी दिसतो! बाराने गुणा, म्हणजे बेचाळीस होतात. १,२०,००० वर महिन्याचे व्याज ४,२००. त्या व्याजावर अठरा टक्के वस्तू व सेवा कर, ७५६. एकूण ४,९५६. तो ६,००० भरत होता. त्यांतून मुद्दल कमी होत होते १,०४४ रुपयांनी. शिवाय थकबाकी ठेवली की नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही. सामान घेतल्या दिवसापासून व्याज सुरू. बिलावर ‘किमान देय रक्कम’ असे ठळक छापलेले असते. भाबडा माणूस ते वाचून समजतो, आपण आपले कर्तव्य केले.

जुन्या हिंदू कायद्यात दामदुपटीचा नियम होता. थकलेले व्याज एका वेळी मुद्दलाहून अधिक वसूल करता येत नसे. कार्डाच्या बिलावर हा नियम कोठे छापलेला आढळत नाही.

परंतु कार्ड हे दुखणे नव्हे, ताप होता. ताप कशाने आला ते शोधायचे होते. मी त्यांना दोनशे पानी वही आणायला सांगितली. ती स्वयंपाकघरातल्या फळीवर राहील, आणि घरातून रुपया बाहेर पडला की ज्याच्या हातून पडला त्याने त्याच दिवशी लिहायचा. काटकसर करायची नाही, नुसते लिहायचे. मुलगी सातवीत होती. तिने हे काम मोठ्या हौसेने अंगावर घेतले आणि आईबापांकडून रोज संध्याकाळी जबानी घेऊ लागली.

वही लिहिणे आमच्या वर्गाच्या अंगवळणी नाही. व्यापारी लक्ष्मीपूजनाला वहीची पूजा करतो. आपण लक्ष्मीची करतो आणि वही त्याच्यावर सोडतो. पूर्वी निदान पाकिटातली नोट मोडताना हात अडखळे. २०१६ साली यूपीआय आले, आणि चहावाल्यापासून सराफापर्यंत सर्वांना मोबाइल दाखवला की काम होऊ लागले. सोय मोठीच आहे, मी स्वतः वापरतो. पण नोट जाताना दिसत असे, आकडा जाताना दिसत नाही. म्हणून तो लिहून डोळ्यांसमोर आणावा लागतो.

दीड महिन्याच्या नोंदींत आणि मागच्या वर्षाच्या बँकेच्या उताऱ्यांत दोन गोष्टी सापडल्या.

पहिली म्हणजे ‘किरकोळ’. वाणसामान, वीज, सोसायटीचे शुल्क, लोकलचे पास, शिकवण्या, औषधे असा ठरलेला खर्च होता ३०,०००. आणि बाहेरचे खाणे, रिक्षा-टॅक्सी, घरपोच मागवलेल्या वस्तू, कोणी पाहत नसलेल्या वाहिन्यांची वर्गणी, हे सगळे किरकोळ मिळून १६,०००! हप्ते ४६,५००, ठरलेला खर्च ३०,०००, किरकोळ १६,०००. बेरीज ९२,५००. म्हणजे दरमहा पाचशेची तूट. इतकी लहान, की कोणाच्या लक्षात येऊ नये.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. जूनमध्ये शाळेची फी आणि वह्यापुस्तके, ३८,०००. विम्याचे हप्ते, १६,०००. गणपतीला कोकणात जाणेयेणे आणि तिथला खर्च, १२,०००. दिवाळी, १८,०००. वर्षाचे ८४,०००. या रकमेला त्यांच्या महिन्याच्या हिशेबात जागाच नव्हती. ती दरवर्षी निमूटपणे कार्डावर जाऊन बसत होती.

मी भावाला विचारले, “हे खर्च कसे धरले नाहीस?”

तो म्हणाला, “अरे दादा, ते अचानक येतात.”

वाचकहो, गणपती अचानक येत नाहीत. भिंतीवरच्या कॅलेंडरात त्यांची तारीख जानेवारीतच छापलेली असते. शाळा दर जूनला उघडते. दिवाळी तर इतक्या लवकर चाहूल देते की श्रावणातच दुकानांत तिच्या जाहिराती लागतात. ‘ऋण काढून सण’ ही म्हण आपण उधळ्या माणसासाठी वापरतो. पण सणाची तरतूद नसली की साधा, सोज्ज्वळ, चार लाडवांचा सणसुद्धा ऋण काढूनच होतो. ८४,००० ला बाराने भागले की महिना ७,००० होतात. हे सात हजार त्या घरात नेहमी ‘उरले तर’ या सदरात पडत. आणि किरकोळ खर्च आधी होई.

उपाय एवढाच, की ही रांग उलटी करायची. पगार झाला की पहिल्या दिवशी सात हजार वेगळ्या खात्यात. मग हप्ते, मग ठरलेला खर्च, आणि जे उरेल ते किरकोळ. जे अटळ आहे त्याने उरल्यासुरल्यावर भागवायचे आणि जे टाळण्याजोगे आहे त्याने आधी जेवायचे, हा अन्याय तेवढा थांबवायचा.

कार्डाचा ताप उतरवायला दुसरे साधन मिळाले. भावाच्या कचेरीत कर्मचाऱ्यांची सहकारी पतपेढी आहे, आणि तो तिचा सभासद होता. दोन सहकारी जामीन राहिले आणि अकरा टक्के वार्षिक दराने १,२०,००० दोन वर्षांसाठी मिळाले. जानेवारी २०२३ मध्ये कार्डाची थकबाकी एकरकमी भरली. जिथे महिन्याचे व्याज ४,९५६ होते, तिथे पहिल्या महिन्याचे व्याज झाले १,१००. हप्ता सुमारे ५,६००. म्हणजे पूर्वीच्या किमान रकमेहून कमी, आणि चोवीस महिन्यांत विषय संपणारा. त्याच दिवशी कार्ड बंद करून टाकले. ही पायरी चुकवू नये. स्वस्त कर्ज काढून महाग फेडले आणि महागाचे दार उघडेच ठेवले, तर वर्षभराने दोन्ही कर्जे मांडीला मांडी लावून बसलेली दिसतात.

पुढे आत्याचे देणे. गणिताच्या नियमाप्रमाणे सर्वांत जास्त व्याजाचे कर्ज आधी फेडावे आणि बिनव्याजी शेवटी. नियम बरोबर आहे. भावाचाही विचार तसाच होता. तो म्हणाला, “आत्या कुठे मागतेय?” मी म्हटले, “मागत नाही म्हणूनच. तिच्याकडे शेवटचा कधी गेला होतास?” वर्ष होऊन गेले होते. तिचा फोन आला की तो बायकोच्या हातात देत असे. ४०,००० वर व्याज नव्हते असे कोण म्हणेल? ते फक्त रुपयांत आकारले जात नव्हते.

दरमहा २,००० असे ठरले. ते मोबाइलवरून पाठवायचे नाहीत, ठाण्याला जाऊन तिच्या हातात द्यायचे, ही माझी अट. पहिल्या खेपेला मीही बरोबर गेलो. मावशीने पैसे देवापुढे ठेवले आणि म्हणाली, “पैशाचं मेलं काय, पोरगं यायचं थांबलं होतं.” एवढे बोलून ती चहा टाकायला आत गेली. बराच वेळ बाहेर आली नाही.

नवा हिशेब असा जमला. हप्ते ४६,१००, ठरलेला खर्च ३०,०००, वर्षाच्या खर्चाचे ७,०००, आत्याचे २,०००. उरले ६,९००, ते किरकोळचे. सोळा हजारांवरून सात हजारांच्या आत येणे सोपे नव्हते. पहिल्या तीन महिन्यांत दोनदा मोडले, कुरबुरी झाल्या, एकदा मुलाच्या वाढदिवसावरून रडारडही झाली. पण सप्टेंबर २०२३ पासून मोबाइलच्या हप्त्याचे २,५०० मोकळे झाले, आणि ते आजारपणासाठी म्हणून वेगळे पडू लागले. ऑगस्ट २०२४ मध्ये आत्याचे देणे फिटले, डिसेंबरात पतपेढीचे. मोठ्या बचतीचा, गुंतवणुकीचा, श्रीमंतीचा यात काही संबंध नाही. पगार तोच होता, माणसे तीच होती.

१८७५ सालच्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यात सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांकडून कर्जखते हिसकावून जाळली. तिथून पेटलेले लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरले, आणि १८७९ मध्ये सरकारला दक्षिणेतल्या शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा करावा लागला. ज्या कागदांवर आपला अंगठा आहे त्यांत काय लिहिले आहे, हे त्यांतल्या बहुतेकांना वाचता येत नव्हते. हे शिकवताना मला नेहमी एक विचार येतो. आपल्याला वाचता येते. बिलावरचा दर, उताऱ्यावरची बाकी, करारातला बारीक टाइप, सारे वाचता येते. तरी पाकीट न फोडता खणात टाकणारी आणि संदेश न उघडता पुसणारी सुशिक्षित घरे मी पाहिली आहेत. त्यांना पैशापेक्षा आकड्याची भीती वाटते, आणि कर्ज त्या भीतीवर पोसते.

म्हणून या पाडव्याला दागिना घ्यायचा की नाही ते तुमचे तुम्ही ठरवा. एक वही मात्र घ्या. पहिल्या पानावर घरातल्या दोघांनी मिळून सर्व देणी लिहा, बिनव्याजी हातउसन्यांसकट. दुसऱ्या पानावर वर्षभरात ‘अचानक’ येणारे सगळे खर्च महिन्यांप्रमाणे मांडा आणि बेरजेला बाराने भागा. तिसऱ्या पानापासून रोजचा खर्च. पुढच्या वर्षीही दिवाळी येणारच आहे. तिची तारीख आताच दुसऱ्या पानावर लिहून ठेवा.