फेसाचं काँक्रीट आणि आमची काळी माती

मंडळी, आजचा विषय जरा रुक्ष आहे. पण जालन्याशी नातं असलेल्यांनी वाचावाच.

जालना म्हटलं की लोकांना बियाणं आणि लोखंडी सळया आठवतात. कारखाने आले की टाक्या आल्याच, डिझेलच्या, तेलाच्या, पाण्याच्या. आता या टाक्यांच्या पायात फोम काँक्रीट भरावं असा एक विचार आहे. सिमेंट, पाणी आणि बारीक वाळू किंवा औष्णिक केंद्रातली राख कालवून त्यात फेस मिसळायचा, की झालं. नेहमीचं काँक्रीट घनमीटरला २४०० किलो भरतं, हे साधारण ४०० ते १६००. ओतलं की आपोआप पसरतं, धुमस घालावी लागत नाही. नेदरलँड्समध्ये भुसभुशीत जमिनीवरच्या रस्त्यांखाली ते वापरतात.

पण तिथली जमीन खचते. आपली फुगते! पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. टाकीच्या मध्याखालची माती झाकलेली, कडेची उघडी. म्हणून कड दर ऋतूत वरखाली होते.

आता थोडा हिशेब करू. १० मीटर व्यासाची, १० मीटर उंच पाण्याची टाकी घ्या. भरली की जमिनीवर चौरस मीटरला १० टन भार. खालची एक मीटर माती (सुमारे १.८ टन) काढून ६०० किलोवालं फोम काँक्रीट भरलं, तर वाचले १.२ टन. म्हणजे फायदा आहे, पण बेताचाच.

तोटा मात्र मोठा असू शकतो. काळ्या मातीतला खड्डा म्हणजे हौदच. पावसाचं पाणी आत शिरतं आणि निघत नाही. ६०० किलोचं फोम काँक्रीट पाण्यापेक्षा हलकं, त्यामुळे पाणी त्याला चौरस मीटरला ४०० किलोने वर ढकलणार. रिकाम्या पत्र्याच्या टाकीचं वजन तेवढ्याच जागेवर सुमारे ३०० किलो. भरलेल्या टाकीची सगळे काळजी करतात. माझ्या मते जालन्यात भीती रिकाम्या टाकीची आहे, ती पण ऐन पावसाळ्यात.

यावर इलाज आपल्याकडेच शोधला गेलाय. पवईच्या आयआयटीत प्रा. आर. के. कट्टी यांनी दाखवलं की फुगणाऱ्या मातीवर साधारण मीटरभर न फुगणाऱ्या चिकट मातीचा थर नीट दाबून बसवला, तर फुगवटा आटोक्यात येतो. कर्नाटकात मलप्रभा कालव्याच्या कामात ही पद्धत वापरली गेली. चिकण असलेला, न फुगणारा मुरूम आपल्याकडे मिळाला तर तोही या कामाचा.

फोम काँक्रीट टाकाऊ आहे असं मी म्हणत नाही. डांबराच्या गरम टाकीखाली ते उष्णता अडवतं, म्हणजे खालची माती वाळून आकसत नाही. टाकीखाली पोकळी झाली असेल तर ती भरायलाही उत्तम. पण खड्ड्यात भरायचंच असेल तर पाण्यापेक्षा जड, म्हणजे ११००-१२०० किलोचं घ्या आणि पाणी बाहेर काढायला चर ठेवा.

त्याआधी दोन प्रश्न विचारा. काळी माती किती खोल आहे? आणि भाद्रपदात त्या खड्ड्यात पाणी किती उभं राहतं? मुरूम दोन मीटरवर लागत असेल तर सरळ तिथपर्यंत खोदा. नवीन वस्तू जरूर आणावी, पण आधी जमिनीला विचारून.

असो. बघा पटतंय का.