पोळी-भात सोडण्याआधी

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, तेव्हा शुद्धलेखन सांभाळून घ्या. मुद्दा मात्र पटतो का ते बघा.

आमच्या होस्टेलवर सध्या 'कार्ब्स बंद'ची साथ आहे. वजन कमी करायचंय, करा बापडे! पण आमच्या मजल्यावरचा एक मित्र बाईकवरून पडला, डोक्याला मार बसला, आणि घरून परतल्यावर त्यानेही पोळी-भात सोडला. का, तर म्हणे 'कीटोने ब्रेन लवकर हील होतो'. इथे माझा आक्षेप आहे.

कल्पना अगदीच हवेतली नाही. १९२१ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉ. रसेल वाइल्डर यांनी फिट्सच्या पेशंटसाठी कीटोजेनिक आहार सुचवला. आपल्या दादरच्या शुश्रूषा हॉस्पिटलमध्येही डॉ. जनक नाथन यांनी औषधांना दाद न देणाऱ्या फिट्स असलेल्या मुलांना तो दिला. तो अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. पण हा आहार म्हणजे घास न् घास मोजलेला, डॉक्टरांच्या नजरेखालचा. शिवाय फिट्स वेगळ्या, डोक्याचा मार वेगळा. मार बसलेल्या उंदरांवर २००५ साली प्रयोग झाला. ३५ आणि ४५ दिवसांच्या उंदरांना फायदा झाला, १७ आणि ६५ दिवसांच्यांना नाही. यावरून विशीतल्या माणसाने मेनू ठरवायचा?

कार्ब्स बंद केले की पहिले काही दिवस डोकं दुखतं, गरगरतं, थकवा येतो. डोक्याला मार बसल्यावरही हेच होतं. मग त्रास नेमका कशाचा, हे डॉक्टर तरी कसं ओळखणार? लॅबमध्ये आपण एका वेळी एकच व्हेरिएबल बदलतो ना?

मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण ऊर्जा खातो २० टक्के. आणि आपल्या मेसच्या ताटातून पोळी-भात वजा केला तर उरतं काय? पाणीदार डाळ आणि बटाट्याची भाजी! याला कीटो नाही, उपास म्हणतात.

तेव्हा मित्रा, डाएट करायचंच असेल तर आधी तुझ्या न्यूरॉलॉजिस्टला विचार. रेक्टर सर, आजारी मुलांना ताट रूमवर न्यायची परवानगी द्या, सोबत अंडं नाहीतर दही मिळू द्या. आणि मंडळी, मार बसलेल्याचं डोकं जास्तच दुखू लागलं, सारख्या उलट्या झाल्या, फिट आली किंवा तो हलवूनही नीट जागा होईना, तर चर्चा बंद. रिक्षा पकडा आणि सरळ कूपर गाठा.