गाडीचा हिसका काय सांगतो?

मुलांनो, कोल्हापूरहून निपाणीकडे निघालं की वाटेत कागल येतं. तिथल्या पंचतारांकित एमआयडीसीत पाळी सुटली, की ट्रक, बसगाड्या, दुचाक्या एकदमच रस्त्यावर! अशा गर्दीत सारखा गिअर बदलावा लागतो. पण काही मोटारींत क्लचचं पायडलच नसतं. मग गिअर बदलतं कोण?

घरी एक गंमत करून पाहा. मोठ्यांना मात्र सोबत घ्या बरं का! दोन टेबलफॅन समोरासमोर ठेवा. एकच सुरू करा, दुसऱ्याची पिन काढून ठेवा. पहिल्याच्या वाऱ्याने दुसऱ्याचीही पाती फिरू लागतील. ऑटोमॅटिक मोटारीच्या टॉर्क कन्व्हर्टरमध्ये वाऱ्याचं काम तेल करतं. पुढे गिअरबॉक्समध्ये तेलाच्याच दाबाने क्लचच्या चकत्या एकमेकींना घट्ट धरतात आणि गिअर बदलतो. अमेरिकेतल्या ओल्ड्समोबिल मोटारींत 1940 च्या मॉडेलपासून तेलाच्या जोरावर आपोआप बदलणारे गिअर मिळू लागले.

चकत्यांनी फटकन धरलं तर हिसका बसतो. फार हळू धरलं तर त्या घसरतात, तापतात, झिजतात. तेल कमी पडलं किंवा खराब झालं की असं होऊ शकतं. म्हणून मागच्या सीटवर बसून लक्ष ठेवा. हिसका वाढलाय? इंजिन ओरडतंय, पण गाडी पळत नाही? खाली तेलाचे डाग दिसतात? लगेच बाबांना किंवा आईला सांगा. दुरुस्ती जितकी लांबेल, तितका खर्च वाढेल.

आता पालकांसाठी. तेल कंपनीच्या पुस्तिकेत सांगितलेलंच घाला आणि त्यातच दिलेल्या वेळी बदला. गाडी पूर्ण थांबल्याशिवाय रिव्हर्स टाकू नका. 2014 मध्ये मारुती सेलेरिओबरोबर आपल्याकडे आलेली एएमटी वेगळी. तिच्यात साधाच गिअरबॉक्स असतो, क्लच मात्र यंत्र दाबतं. गिअर बदलताना ॲक्सिलरेटर किंचित सैल सोडला, की तिचा हिसका कमी होतो.

उतारावर ऑटोमॅटिक गाडी लावताना आधी ब्रेक दाबा, हँडब्रेक ओढा, मग दांडा ‘पी’वर न्या. नाहीतर गाडीचं सारं वजन आतल्या एका लहानशा खिट्टीवर येतं.

आणि मुलांनो, उभ्या गाडीत गिअरच्या दांड्याशी कधीही खेळू नका. तो सरकला तर उतारावरची गाडी चालकाची वाट पाहत नाही!