खुर्ची तीच, डॉक्टर नवा!

नव्या जॉबचा पहिला दिवस. एचआरची मुलगी तुम्हाला डेस्कपाशी नेऊन सोडते. शेजारच्या क्युबिकलमधून एक मुंडकं वर येतं आणि गोड हसून सांगतं, ‘‘इथे आधी जो बसायचा ना, जाम भारी माणूस होता!’’

झालं! अजून कॉम्प्युटरचा पासवर्ड हातात आलेला नसतो आणि तुम्ही मॅच हरलेले असता. पुढचे सहा महिने तुमच्या प्रत्येक मेलची आणि प्रत्येक प्रेझेंटेशनची तुलना त्या ‘आधीच्या’शी होणार. मग करायचं काय? त्याची कॉपी मारायची, की मुद्दाम त्याच्या उलट वागायचं?

याचं उत्तर शोधायला मॅनेजमेंटची जाडजूड पुस्तकं नकोत. ‘डॉक्टर हू’ बघा.

ज्यांना ही भानगड माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. बीबीसीवरची ही सायन्स फिक्शन मालिका २३ नोव्हेंबर १९६३ला सुरू झाली, म्हणजे केनेडींच्या हत्येच्या दुसऱ्याच दिवशी. पहिल्या भागाचा दिग्दर्शक होता अवघ्या २४ वर्षांचा वारिस हुसेन. जन्म लखनौचा, बरं का! हिरो म्हणजे ‘डॉक्टर’ नावाचा परग्रहावरचा माणूस. पोलिसांच्या जुन्या निळ्या बूथसारखं दिसणारं त्याचं यान, टार्डिस, काळातून आणि अंतराळातून कुठेही जातं. मरायला टेकला की डॉक्टर मरत नाही, त्याचं ‘रिजनरेशन’ होतं. शरीर नवं, चेहरा नवा, स्वभावाची ठेवणही नवी. आठवणी मात्र सगळ्या जुन्या. थोडक्यात, नट बदलायची सोय कथेतच करून ठेवलेली.

आपल्या नाटकवाल्यांना ‘रिप्लेसमेंट’ हा शब्द नवा नाही. ‘नटसम्राट’चे अप्पासाहेब बेलवलकर आधी डॉ. लागूंनी केले, मग दत्ता भटांनी केले आणि ‘कोणाचे अप्पा खरे?’ यावर कट्ट्याकट्ट्यांवर वाद झाले. पण तिथे नट बदलला तरी अप्पासाहेब तेच असतात. इथे प्रत्येक नव्या नटाला दुहेरी काम करावं लागतं. आपण पूर्ण वेगळे आहोत हे पटवायचं आणि आतला माणूस तोच आहे हेही पटवायचं. कसरत आहे, राव!

पहिली उडी सगळ्यात अवघड

पहिला डॉक्टर विल्यम हार्टनेल. मालिका सुरू झाली तेव्हा ५५ वर्षांचा. चिडका, हेकट, थोडा लबाड आजोबा. संवाद अधूनमधून चुकायचा, पण ती अडखळही म्हाताऱ्याला शोभून जायची. तब्येत ढासळत गेल्यामुळे १९६६मध्ये त्याला थांबावं लागलं. मालिका तर तुफान चाललेली. बंद करायची, की हार्टनेलसारखाच दिसणारा दुसरा म्हातारा शोधायचा?

त्यांनी पॅट्रिक ट्रॉटन आणला आणि त्याने आधीच्याची अजिबात कॉपी केली नाही. ढगळ पँट, बीटल्सछाप केस, हातात रेकॉर्डर नावाची बासरी. हार्टनेल खोलीत शिरला की सगळे त्याच्याकडे बघायचे. ट्रॉटन कोपऱ्यात उभा राहायचा, विदूषकासारखा गडबडायचा आणि शत्रूने दुर्लक्ष केलं की तेवढ्यात डाव उलटवायचा. मजा म्हणजे दोघंही खोलीतले सगळ्यात हुशार. एकाने ते मिरवलं, दुसऱ्याने लपवलं. तो प्रयोग फसला असता तर मालिका तिथेच संपली असती. पुढच्या सगळ्यांची नोकरी या एका माणसाच्या हिमतीवर उभी आहे.

हे मला फार लागतं, कारण माझ्या पहिल्या नोकरीत मी नेमकं उलटं केलं होतं. एका लाडक्या सीनियरच्या जागी मी बसले आणि तीन महिने त्याच्याच स्टाइलमध्ये लिहीत राहिले. तसेच इंट्रो, तसेच जोक. शेवटी चीफसबनी कॉपी परत पाठवली आणि शांतपणे विचारलं, ‘‘तो गेला ना? मग हे कोण लिहितंय?’’ त्या दिवशी वॉशरूममध्ये जाऊन रडले होते. आज वाटतं, बरं झालं विचारलं.

स्कार्फ, सेलरी आणि तो कोट

मग रांगच लागली. १९७०मध्ये मालिका रंगीत झाली आणि जॉन पर्टवी आला. तो रेडिओवरचा विनोदी नट, त्यामुळे सगळ्यांना वाटलं आता कॉमेडी होणार. त्याने मखमली जाकीट घालून, पिवळी जुनी गाडी पळवत आणि हाणामाऱ्या करत एकदम हिरोच रंगवला.

त्यानंतर टॉम बेकर. हा निवडला गेला तेव्हा बांधकामाच्या साइटवर काम करत होता! भलामोठा स्कार्फ, बटाट्यासारखे डोळे, खिशात जेली बेबीज. १९७४ ते १९८१ अशी सात वर्षं तो टिकला आणि पडद्यावर इतकी वर्षं सलग कोणीच काढलेली नाहीत. त्याचा डॉक्टर खरंच परग्रहावरचा वाटतो, कारण सगळे घाबरतात तिथे तो हसतो आणि सगळे हसतात तिथे एकदम गंभीर होतो.

एवढ्या मोठ्या माणसाच्या जागी कोण बसणार? पीटर डेव्हिसन, निवड झाली तेव्हा वय २९. क्रिकेटचा पोशाख आणि कोटाच्या कॉलरवर सेलरीची दांडी. बेकर खोली भरून टाकायचा, डेव्हिसनने ती मोकळी केली. तो ऐकून घेतो, दमतो, चुकतो. त्याचा डॉक्टर हरू शकतो असं आपल्याला खरंच वाटतं आणि तिथेच त्याची जादू आहे.

आणि मग कॉलिन बेकर. त्याला रंगीबेरंगी गोधडीसारखा कोट दिला आणि उर्मट स्वभाव दिला. कल्पना वाईट नव्हती. हळूहळू त्याच्यातला माणूस उलगडत न्यायचा होता. पण वेळच मिळाला नाही. १९८६मध्ये त्याला काढून टाकलं आणि निरोपाचा प्रसंग करायला तो परत आला नाही. मग पुढचा डॉक्टर सिल्व्हेस्टर मॅकॉय हाच सोनेरी विग घालून जमिनीवर आडवा पडला आणि त्याने दोघांचं काम एकट्यानेच उरकलं. बघताना हसू येतं आणि लगेच वाईटही वाटतं. ‘नोटीस पीरियडमध्ये हँडओव्हर झाला नाही’ याचं याहून करुण चित्र मी पाहिलेलं नाही.

मॅकॉयने सुरुवात चमचे वाजवणाऱ्या विदूषकासारखी केली, पण पुढे तो शांतपणे प्यादी हलवणारा बुद्धिबळपटू झाला. रंग चढत होता आणि १९८९मध्ये मालिकाच थांबली. १९९६च्या एकमेव टीव्ही सिनेमात पॉल मॅकगॅन येऊन गेला, बस्स.

खरी परीक्षा वयाची

२००५मध्ये मालिका परत आली ती क्रिस्तोफर एकल्स्टनला घेऊन. बारीक केस, काळं लेदर जाकीट, उत्तर इंग्लंडचा हेल. त्याने तेरा भाग केले आणि गेला. त्याचा डॉक्टर महायुद्धातून एकटाच वाचलेला आहे. तो मोठमोठ्याने हसतो, पण हसू थांबल्यानंतरचा एक सेकंद बघा. चेहऱ्यावर काहीच उरत नाही.

मग डेव्हिड टेनंट, लहानपणापासून याच मालिकेचा वेडा फॅन. निमुळता सूट, पायात स्निकर्स, तोंडाची टकळी सुरू. त्याचं सगळं दिसतं, प्रेम, राग, अपराधीपणा. कॉलेजातल्या अर्ध्या पोरी का फिदा झाल्या ते सांगायला नको.

पण डॉक्टर शेकडो वर्षांचा आहे. ते वय शरीरात नाही, मग दाखवायचं कुठे? सगळ्या डॉक्टरांना एका फूटपट्टीने मोजायचं असेल तर माझ्या मते ही ती फूटपट्टी. टेनंट ते वय ओझ्यासारखं वाहतो आणि कधीकधी जरा जास्तच सांगतो. त्याच्यानंतरचा मॅट स्मिथ निवडला गेला तेव्हा २६ वर्षांचा, सगळ्यांत लहान. पाठीच्या दुखण्यामुळे फुटबॉल सुटलेला मुलगा. आणि तोच सगळ्यात म्हातारा वाटतो! बो टाय घालतो, हातपाय वेडेवाकडे फेकतो, पण गप्प बसला की नातवंडं झोपल्यावर अंगणात एकट्याच बसलेल्या आजोबांसारखा दिसतो. वय सांगायचं नसतं, गप्प बसण्यात दिसायला हवं, हे त्याला कळलं होतं.

पीटर कपाल्डीने गणित उलटं केलं. तो पहिल्या डॉक्टरइतकाच, ५५ वर्षांचा, पण आत एक हट्टी पोरगा. २०१५चा ‘हेवन सेंट’ हा भाग बघाच. जवळजवळ अख्खा भाग तो एकटा, एका किल्ल्यात कैद. हिऱ्याहून कठीण भिंतीवर बुक्क्या मारतो, मरतो, पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. अब्जावधी वर्षं! मैत्रीण गेल्याचं दुःख इतकं खरं, इतकं चिवट, मी दुसऱ्या कुठल्या सायन्स फिक्शनमध्ये पाहिलेलं नाही.

जोडी व्हिटेकर २०१८मध्ये आली, मालिकेची सूत्रं हाती घेणारी पहिली बाई. नाव जाहीर झाल्या दिवसापासून ‘हे चालणारच नाही’चा गजर. शेफिल्डच्या वर्कशॉपमध्ये स्वतःच्या हातांनी हत्यार घडवणारी तिची डॉक्टर उत्साही, मिळूनमिसळून राहणारी, पण स्वतःबद्दल विचारलं की विषय बदलणारी. स्पष्टच सांगते, तिच्या वाट्याच्या पटकथा तिच्याइतक्या चांगल्या नव्हत्या. पण दोष पटकथेचा आणि शिक्षा बाईला, हे आपल्या ऑफिसांतही होतंच की! २०१८मधलाच फाळणीवरचा ‘डीमन्स ऑफ द पंजाब’ बघा. तिथे ती काहीच बदलू शकत नाही, नुसती साक्षीदार बनून उभी राहते आणि ते उभं राहणं काळजाला भिडतं.

शूटी गाटवा, रवांडात जन्मलेला, स्कॉटलंडमध्ये वाढलेला. रडायला न लाजणारा, नाचणारा डॉक्टर. २०२४च्या ‘डॉट अँड बबल’मध्ये काही श्रीमंत गोरी पोरं केवळ त्याच्या रंगामुळे त्याची मदत नाकारतात. तो आधी विनवण्या करतो, मग हसतो, मग किंचाळतो. आधीच्या कुठल्याही गोऱ्या डॉक्टरला तो प्रसंग असा करताच आला नसता. नव्या माणसाने नवं काय आणायचं, याचं उत्तर त्या एका मिनिटात आहे. ३१ मे २०२५च्या भागात त्याचंही रिजनरेशन झालं आणि समोर आला चेहरा बिली पायपरचा, जी २००५मध्ये डॉक्टरची सोबतीण होती!

जाता जाता

तर मग बेस्ट कोण? लाडका टेनंट, पण माझं मत ट्रॉटनला. बाकीच्यांना ‘बदल चालतो’ हे माहीत होतं, त्याला नव्हतं.

पण एक गोष्ट मला अलीकडेच जाणवली. आपण सगळे ‘नव्या जागी कसं बसायचं’ याचीच काळजी करतो, उठायचं कसं याची नाही. २०१०मध्ये टेनंटचा डॉक्टर गेला तो रडत, जायचं नव्हतं म्हणून. त्याच टेनंटला २०२३मध्ये परत बोलावलं, तेव्हा नवा डॉक्टर त्याच्यातूनच बाहेर पडला आणि दोघंही जिवंत उरले. मग त्या नव्याने, गाटवाने, जुन्याला घट्ट मिठी मारली आणि सांगितलं, आता तू विश्रांती घे.

तुमच्याही डेस्कवर उद्या कोणीतरी येणारच आहे. ड्रॉवर रिकामा करून ठेवा, पासवर्ड लिहून ठेवा. आणि शेजारच्या क्युबिकलवाल्याला आधीच सांगून ठेवा, ‘‘नवीन येईल त्याला माझं कौतुक ऐकवू नकोस!’’